धून बीथोव्हनची, नाव यॉर्कचं

२ डिसेंबर २०२१ ची संध्याकाळ. बर्लिनमध्ये हाडं गोठवणारी थंडी, त्यात कोविड, म्हणून पाहुणे मोजकेच. सोळा वर्षं जर्मनीचा कारभार हाकून अँगेला मर्केल निरोप घेत होत्या. संरक्षण मंत्रालयाच्या आवारात त्या काळा कोट घालून बसल्या होत्या. समोरच्या अंधारातून लष्करी बँड चालत आला, सोबत मशाली धरलेले शिपाई. मर्केलबाईंनी स्वतः निवडलेली गाणी पुढे वाजली आणि बातम्यांमध्ये चर्चा झाली ती त्या गाण्यांचीच. मला मात्र बोलायचंय ते बँड आत येताना जे वाजवत होता त्याबद्दल.

ती धून म्हणजे 'यॉर्कशर मार्श'. नाव ऐकून इंग्लंडातलं यॉर्कशर डोळ्यापुढे आणू नका. यॉर्क हा प्रशियाचा, म्हणजे जर्मनी एक होण्याआधीच्या एका बलाढ्य जर्मन राज्याचा सेनापती. धून रचली बीथोव्हननं, पण यॉर्कसाठी नव्हे, आणि प्रशियासाठी तर नव्हेच. गेल्या दोनशेहून जास्त वर्षांत तिचे मालक किती झाले! प्रशियाचा राजा झाला, कैसर झाला, हिटलरचं सैन्य झालं, पूर्व जर्मनीतले कम्युनिस्ट झाले आणि आता लोकशाही सरकार. एकमेकांचं तोंड न पाहणारी ही मंडळी, पण या धुनेवर सगळ्यांनी हक्क सांगितला. ते कसं, ते समजायला आधी मार्च हा प्रकार थोडा उलगडावा लागेल.

एनसीसीत आमचे उस्ताद 'तेज चल' म्हणाले की मिनिटाला १२० पावलं पडली पाहिजेत, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. पाठ असणं वेगळं आणि पडणं वेगळं. नुसत्या 'बाएं-दाएं'वर आमची रांग मैदानाच्या अर्ध्यावरच विस्कटायची. बँड आला, मोठ्या ढोलाचा ठोका डाव्या पायावर पडायला लागला, की तीच पोरं सुतासारखी सरळ. मग डोकं चालवावंच लागत नाही, ढोल पाय उचलून घेतो. मार्चचं मूळ काम एवढंच, शेकडो माणसांचे पाय एका क्षणी जमिनीवर आणायचे. जर्मन परंपरेत ही चाल जराशी संथ, मिनिटाला सुमारे ११४ पावलांची. कागदावर सहा पावलांचा फरक किरकोळ दिसतो. चालून बघा, लगेच अंगात एक भारदस्तपणा येतो.

रचनाही साधी असते. सुरुवातीचा भाग ठसठशीत, पितळी वाद्यांचा. मग मधे 'त्रिओ' नावाचा मऊ, गाण्यासारखा भाग येतो, आणि तो संपला की पुन्हा पहिला भाग. आपल्याकडे अंतरा संपल्यावर धृपदावर येतात तसंच.

मार्च म्हटला की युरोपीय शिस्त आठवते, पण त्यातली ठोक्याची वाद्यं युरोपानं तुर्कांकडून उचलली आहेत. ओटोमन सुलतानाच्या जानिसारी फौजेबरोबर ढोल-झांजांचा ताफा चालायचा. तो आवाज युरोपच्या राजांना इतका भावला की अठराव्या शतकात एकेका दरबारानं तसा ताफा पदरी ठेवला. बीथोव्हनच्या काळात मोठा ढोल, झांजा आणि ट्रँगल यांना मिळून 'तुर्की संगीत' असंच म्हणत. जर्मन लष्करी बँडच्या पुढे आजही एक जण घंट्या लावलेला आणि घोड्याच्या शेपटीचे झुपके सोडलेला उंच दांडा घेऊन चालतो. त्याला 'शेलेनबाउम', म्हणजे घंट्यांचं झाड म्हणतात. तोही तुर्कांचाच. आणि आपण ज्याला नगारा म्हणतो त्याच अरबी 'नक्कारा'वरून मध्ययुगात युरोपातल्या नगाऱ्यांनाही नाव मिळालं. तेव्हा ही देवघेव जुनी आहे.

आता १८०९ सालात जाऊ. नेपोलियन युरोपच्या मानगुटीवर बसलेला. फ्रेंचांनी एक गोष्ट दाखवून दिली होती की पगारी शिपायांपेक्षा देशासाठी उठलेली सामान्य माणसं वेगळ्याच त्वेषानं लढतात. ऑस्ट्रियाच्या सम्राटाला सामान्य माणसांच्या हाती बंदुका देणं काही सुखाचं नव्हतं, पण गरज मोठी होती. १८०८ मध्ये त्यानं 'लांडवेर' उभी केली, म्हणजे नागरिकांची राखीव फौज. बोहेमिया, म्हणजे आजचा चेक देश, त्याच्याच राज्यात. तिथल्या लांडवेरसाठी बीथोव्हननं १८०९ मध्ये फ मेजर स्वरात एक छोटा मार्च लिहिला.

त्या वर्षी बीथोव्हन व्हिएन्नात काय भोगत होता, ते पाहिलं तर या कामाकडे बघायची नजर बदलते. मे महिन्यात फ्रेंच तोफांनी शहरावर मारा केला. ऐकू येणं कमी होत चाललेला हा माणूस भावाच्या घराच्या तळघरात कानावर उशा दाबून बसला होता, उरलंसुरलं ऐकणंही तोफांच्या आवाजानं जाऊ नये म्हणून. दुसऱ्याच दिवशी नेपोलियनची फौज शहरात होती. महिनाअखेरीस म्हातारा संगीतकार हायडन त्याच व्यापलेल्या शहरात वारला.

पुढच्या वर्षी मार्चला एकदम वेगळी नोकरी लागली. लाक्सेनबुर्गच्या राजवाड्यात सम्राज्ञीच्या सन्मानार्थ घोडेस्वारीचा मोठा खेळ होता आणि राजघराण्याला त्यासाठी संगीत हवं होतं. बीथोव्हनचा शिष्य आर्चड्यूक रुडॉल्फ याच घराण्यातला. त्याला लिहिलेल्या पत्रात बीथोव्हन गमतीनं म्हणतो की आपल्याला आता माझ्या संगीताचा परिणाम घोड्यांवरही करून पाहायचा आहे असं दिसतं. मागितलेलं घोड्यांचं संगीत भरधाव दौडत येईल. जी धून नागरिकांच्या फौजेसाठी झाली ती वर्षभरात घोड्यांच्या पायात गेली. पुढे १८२२ च्या सुमारास, नवव्या सिंफनीच्या कामात बुडालेला असताना, त्यानं या मार्चला नवा त्रिओ जोडला आणि आणखी दोन मार्चसोबत लाइपझिगच्या पेटर्स या प्रकाशकाकडे धाडला. पेटर्सनं ते छापले नाहीत. बीथोव्हननं त्यांना नाव दिलं होतं 'त्साप्फेनश्ट्राइश'. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

एव्हाना धून मात्र त्याच्या हातातून निसटून प्रशियात पोचलीही होती, आणि तिला दुसऱ्याचं नाव चिकटलं होतं. हा दुसरा म्हणजे योहान डाव्हिड लुडविग फोन यॉर्क, आणि त्याची गोष्ट धुनेपेक्षा रंगतदार आहे.

१७५९ मध्ये पॉट्सडामला जन्मलेला हा माणूस स्वभावानं खडूस. शिपाई त्याला 'म्हातारा ईझेग्रीम' म्हणत, जर्मन गोष्टींमधल्या खवट लांडग्याचं नाव. तरुणपणीच त्यानं आपल्या वरिष्ठावर लुटीचा आरोप केला आणि आज्ञाभंगासाठी तुरुंगात गेला. सैन्यातून हकालपट्टी झाल्यावर डचांच्या नोकरीत शिरला आणि पूर्वेकडे आला. १७८३-८४ मध्ये फ्रेंच सेनापती बुसीच्या मोहिमेत तो होता. मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्यांना हा बुसी परका नाही. तीस वर्षांपूर्वी निजामाच्या बाजूनं पेशव्यांशी लढलेला तो हाच. यॉर्क पुढे मायदेशी परतला, आणि जुना राजा गेल्यावर नव्या राजानं त्याला १७८७ मध्ये सैन्यात परत घेतलं.

१८१२ मध्ये नेपोलियन रशियावर निघाला. १८०६ च्या पराभवापासून प्रशिया त्याच्या टाचेखाली होता, त्यामुळे २०,००० प्रशियन शिपाई नेपोलियनच्या मदतीला द्यावे लागले. ज्यानं देश लुटला त्याच्याच झेंड्याखाली लढायचं! या तुकडीची सूत्रं यॉर्ककडे आली. हिवाळ्यात नेपोलियनची फौज बर्फात संपली आणि माघार घेणारा यॉर्क रशियनांच्या कात्रीत सापडला. समोर रशियाचा सेनापती डीबिच. तो मूळचा प्रशियातलाच. मधे निरोप्या म्हणून कार्ल फोन क्लाउझेवित्झ, युद्धशास्त्रावरचा पुढे प्रसिद्ध झालेला तोच. नेपोलियनची चाकरी नको म्हणून तो रशियाच्या सैन्यात गेला होता. म्हणजे एका बाजूला फ्रेंचांसाठी लढणारा प्रशियन, दुसऱ्या बाजूला रशियनांसाठी लढणारे दोन प्रशियन, आणि तिघांचा राजा बर्लिनमध्ये गप्प.

३० डिसेंबर १८१२ ला टाउरोग्गेन गावाजवळच्या (आता हे लिथुआनियात आहे) एका गिरणीत यॉर्कनं करार केला. माझी तुकडी आता लढणार नाही, तटस्थ राहील. राजाला विचारलं नव्हतं. राजा तर कागदोपत्री नेपोलियनचा मित्र. हा सरळसरळ राजद्रोह होता आणि यॉर्कला ते ठाऊक होतं. चुकलो असेन तर माझं डोकं आपल्या पायाशी आहे, अशा अर्थाचं पत्र त्यानं राजाला लिहिलं.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. राजानं त्याला पदावरून काढलं आणि हुकूम घेऊन माणूस पाठवला, पण रशियनांनी त्याला आपल्या हद्दीतून पुढे जाऊच दिलं नाही. बडतर्फीची बातमी यॉर्कला कळली ती वर्तमानपत्रातून. त्यानं वर्तमानपत्रातूनच उलट जाहीर केलं की प्रशियात सेनापतींना सरकारी हुकूम वर्तमानपत्रातून मिळत नसतात, तेव्हा मी काम चालू ठेवतोय. नियमाला इतका धरून राहिलेला बंडखोर विरळाच. मार्च १८१३ मध्ये प्रशियानं बाजू बदलली, १७ तारखेला राजानं 'माझ्या प्रजेस' म्हणून आवाहन काढलं, आणि त्याच दिवशी यॉर्क आपल्या शिपायांसह बर्लिनमध्ये आला, लोकांच्या जयजयकारात. राजद्रोही दहा-बारा आठवड्यांत तारणहार झाला. त्या शरद ऋतूत त्याच्या कोअरनं, म्हणजे हजारो शिपायांच्या सैन्यदलानं, वार्टेनबुर्गजवळ एल्बे नदी ओलांडली आणि लाइपझिगजवळ म्योकर्नची रक्तबंबाळ लढाई लढली. 'फोन वार्टेनबुर्ग' हा किताब त्याला त्यातूनच मिळाला.

नेपोलियन गेल्यावर प्रशियाच्या राजाला एक वेगळीच अडचण जाणवली, प्रत्येक पलटण वाटेल ते वाजवते. १८१७ मध्ये त्यानं सैन्यासाठी निवडक, नावाजलेल्या मार्चांचा अधिकृत संग्रह करायचा हुकूम काढला. त्यात सुरुवातीला रशियन मार्चांची चांगलीच भरती होती. त्याच संग्रहात बीथोव्हनची धून आली ती 'यॉर्कच्या कोअरचा मार्च' म्हणून. बोहेमियाची लांडवेर विसरली गेली, घोडेही विसरले गेले.

इथून पुढे धुनेचं नशीब यॉर्कच्या गोष्टीशी बांधलं गेलं, आणि ती गोष्ट अशी आहे की जो येतो तो तिच्यातून आपल्याला हवं ते काढून घेतो. कैसरच्या काळात यॉर्क म्हणजे देशभक्त सेनापती, फ्रेंचांच्या नरड्यावर पाय देणारा. बर्लिनच्या उंटर डेन लिंडेन रस्त्यालगत शिल्पकार राउखनं केलेला त्याचा पुतळा उभा आहे, आणि रोज यॉर्कश्ट्रासं स्टेशनावरून ये-जा करणारे आपले मराठी लोक नकळत त्याचंच नाव घेतात.

मग दुसरं महायुद्ध. हिटलरच्या सैन्याचे बँड हा मार्च वाजवत होतेच. पण १९४३ मध्ये, स्टालिनग्राडच्या जर्मन पराभवानंतर, सोव्हिएत कैदेतले जर्मन अधिकारी आणि जर्मन कम्युनिस्ट यांनी मिळून 'मुक्त जर्मनी' नावाची समिती काढली आणि जाहीरनाम्यात दाखला दिला तो यॉर्कचा. चुकीच्या मालकासाठी लढणं थांबवून रशियनांशी बोलणी करणारा सेनापती! याहून सोयीचा पूर्वज त्यांना कुठला मिळणार होता?

युद्धानंतर पूर्व जर्मनीनं १९५६ मध्ये आपलं सैन्य उभारलं तेव्हा हा धागा तयारच होता. कैदेतल्या त्या समितीतले काही अधिकारी या नव्या सैन्यात वरच्या पदांवर आले. टाउरोग्गेनचा करार आता जर्मन-रशियन मैत्रीचा पुरावा ठरला आणि यॉर्कशर मार्श संचलनात दाखल झाला. यातली गंमत पाहा. खरा यॉर्क पक्का पुराणमतवादी. प्रशियातल्या सुधारकांवर तो दात खाऊन होता. रयतेला हक्क देणाऱ्या मंत्री स्टाइनला पदावरून जावं लागलं तेव्हा त्याला आनंद झाला होता. असा माणूस कामगार-शेतकऱ्यांच्या राज्यात वंदनीय ठरला.

इकडे पश्चिम जर्मनीच्या सैन्यानंही तोच मार्च ठेवला. शीतयुद्धात एकमेकांवर बंदुका रोखलेली दोन जर्मन सैन्यं, आणि दोघांच्या बँडच्या वहीत बीथोव्हनचं तेच पान. चालण्यात मात्र फरक होता. पूर्वेच्या शिपायांनी गुडघा न वाकवता पाय उंच फेकण्याची जुनी प्रशियन चाल जपली. कम्युनिस्ट असून दिसायला तेच जास्त प्रशियन. पश्चिमेनं ती चाल टाकून दिली आणि साध्या पावलानं चालू लागले.

सगळ्याच धुनांचं नशीब इतकं लवचीक नसतं. 'बाडनवायलर मार्श'चं बघा. ऑगस्ट १९१४ मध्ये बव्हेरियाच्या एका रेजिमेंटनं फ्रान्सच्या बादोंव्हिलर गावात लढाई केली, तिच्या स्मरणार्थ बँडमास्टर गेओर्ग फ्युर्स्टनं हा मार्च लिहिला. गावाचं फ्रेंच नाव पुढे जर्मन वळणाचं करून टाकलं. धून चांगली आहे, उगाच कशाला नाही म्हणा. पण ती हिटलरला आवडली. त्याच्या आगमनाला ती वाजायला लागली आणि १९३९ मध्ये तर पोलिसी हुकूम निघाला की फ्यूरर हजर असल्याशिवाय ती जाहीरपणे वाजवायची नाही. एका माणसाची मालकी सरकारी कागदावर चढली आणि तो डाग काही निघाला नाही. आजचं जर्मन सैन्य ती वाजवत नाही. दोन्ही धुना हिटलरच्या सैन्यात वाजल्या. पण एकीच्या मागे आधीची सव्वाशे वर्षं होती, आणि नाव होतं वरिष्ठांचं न ऐकणाऱ्या माणसाचं. दुसरीकडे तसं काही नव्हतं.

न ऐकण्यावरून आठवलं. यॉर्कच्या वंशातला पेटर यॉर्क फोन वार्टेनबुर्ग हा हिटलरविरोधी गटात होता. २० जुलै १९४४ चा हिटलरला मारायचा कट फसला त्या रात्री तो बर्लिनच्या बेंडलरब्लॉक इमारतीत पकडला गेला. त्याच इमारतीच्या अंगणात कटाचा म्होरक्या श्टाउफेनबर्ग आणि त्याच्या साथीदारांना गोळ्या घातल्या. पेटरला ८ ऑगस्टला फाशी दिलं. सुरुवातीला सांगितलेलं संरक्षण मंत्रालयाचं आवार म्हणजे हाच बेंडलरब्लॉक.

आणि मर्केलबाईंचा तो समारंभ म्हणजे 'ग्रोसर त्साप्फेनश्ट्राइश'. 'त्साप्फेन' म्हणजे पिंपाची तोटी, 'श्ट्राइश' म्हणजे फटका. जुन्या काळी छावणीत संध्याकाळी अधिकारी गुत्त्यांवर फिरून दारूच्या पिंपाच्या बुचावर काठी मारायचा. आता पुरे, झोपायला चला! त्या इशाऱ्याचं पुढे ढोलवादन झालं, ढोलवादनाचं संगीत झालं, आणि १२ मे १८३८ ला रशियाचा झार पाहुणा आला असता वीप्रेश्ट नावाच्या लष्करी संगीतकारानं हजारावर वादक आणि २०० ढोलकरी जमवून त्याचा भव्य सोहळा केला. आज तो राष्ट्राध्यक्ष, चान्सलर, संरक्षणमंत्री यांच्या निरोपाला होतो.

बाहेरून बघणाऱ्याला हा सोहळा अगदी नखशिखांत प्रशियन वाटतो. वाजतं काय ते मात्र तपासा. प्रार्थनेची धून बोर्तन्यान्स्कीची, तो रशियाच्या झारचा दरबारी संगीतकार. शेवटचं राष्ट्रगीत हायडनचं, मुळात ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठी बांधलेलं. आत येतानाचा मार्च बीथोव्हनचा, ऑस्ट्रियाच्याच नागरिक फौजेसाठी लिहिलेला. पेटर्सनं नाकारलेल्या त्या हस्तलिखितावर 'त्साप्फेनश्ट्राइश' हेच नाव होतं.

मर्केलबाई पूर्व जर्मनीत वाढलेल्या. त्यांनी निवडलेलं एक गाणं नीना हागेनचं होतं, १९७४ चं, पूर्व जर्मनीत तुफान गाजलेलं: सहलीला जाताना प्रियकर रंगीत फिल्म विसरला म्हणून रुसलेली मुलगी. लष्करी बँडनं ते चेहरा सरळ ठेवून वाजवलं. पाहुण्याला गाणी निवडायची मुभा असते. यॉर्क मात्र ठरलेला, त्याबद्दल पाहुण्याला कुणी विचारत नाही.